स्टेपनीवरचे मास्तर

तुम्ही खोटं लिहिलंत. हो, तुम्हीच, टेबलामागचे साहेब. उगाच शेजारच्या खुर्चीकडे बघू नका, तिच्यावर बसलेलाही तितकाच खोटारडा आहे. आपली चूक तुम्ही एका मेलेल्या माणसाच्या नावावर खपवलीत आणि खाली अशी झोकदार सही ठोकलीत, जसं काही बक्षिसाचं प्रमाणपत्रच देताय.

मित्रांनो, दचकू नका. तो आवाज तुमच्यासाठी नव्हता. तुमच्याशी मी नीट बोलणार आहे, अगदी पहिल्यापासून सांगणार आहे. मी एक जुनी रॅलीची गाडी आहे. सध्या जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात उभी आहे. माझ्या दारांवर कागद चिकटवून सील लावलंय. टायरांतली हवा गेली, पोटाखाली गवत वाढलं, आणि मी रिकामी आहे असं सगळे समजतात. मी रिकामी नाही. पण ते पुढे येईल.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी साधी घरगुती गाडी होते. मागे तिघांना पुरेल अशी मऊ सीट होती. भाजी आणावी, आजीला दवाखान्यात न्यावं, पावसात पोरांना शाळेत सोडावं, एवढंच माझ्या नशिबात लिहिलेलं असणार. पण मला विकत घेतलं एका गवंड्याने. हा माणूस आठवडाभर ओळंबा लावून सरळ भिंती बांधायचा आणि सुट्टी आली की वाकडेतिकडे रस्ते शोधत फिरायचा. त्याने मला थेट एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेलं. त्याला सगळे वस्ताद म्हणत.

वस्तादने माझी मागची सीट उपटून काढली. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. त्या सीटवर अजून कोणी धड बसलंही नव्हतं. तिच्या जागी त्याने लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडला, म्हणजे गाडी उलटली तरी छत आतल्या माणसांवर बसू नये. मागे उरली फक्त स्टेपनी, पट्ट्याने आवळून आडवी बांधलेली. पुढे दोन सीट. बस्स. तिसऱ्याला माझ्यात जागा नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण साहेबांना ते अजून समजलेलं नाही.

रॅली म्हणजे मैदानात गोल फेऱ्या मारणं नव्हे. डोंगरातला खरा रस्ता एका दिवसापुरता बंद करतात आणि गाड्या थोड्या थोड्या वेळाने एकेक करून सोडतात. गाडीत दोघंच. एक चालवतो, दुसरा वाचतो. शर्यतीआधी काही दिवस दोघं त्याच रस्त्याने सावकाश फिरतात आणि वाचणारा प्रत्येक वळण टिपून घेतो. ‘डावं दोन’ म्हणजे अगदी आवळलेलं वळण. ‘उजवं पाच’ म्हणजे नुसतं कलायचं. शर्यतीत तो ही टिपणं हेल्मेटमधल्या माइकवर वाचत जातो आणि चालवणारा त्या आवाजावर गाडी सोडतो. चढाच्या माथ्यापलीकडे काय आहे ते कोणालाच दिसत नाही. वाचणारा म्हणाला, ‘माथा, पूर्ण’, की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. दिसत नसलं तरी उचलायचा नाही. ही गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी चालवायची. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो. मी इतकी वर्षं माणसं वाहिली, पण एका माणसाने दुसऱ्यावर एवढा भरवसा टाकलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

गवंड्याचा वाचणारा शाळेत मास्तर होता. सडपातळ, इस्त्रीच्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. वाचायच्या आधी घसा खाकरायचा. ‘अं-हं.’ वर्ग गप्प करताना खाकरतात ना, तसंच.

“मास्तर, जरा लवकर वाचा की. वळण मागे पडल्यावर सांगता!” गवंडी ओरडायचा.

“मी वेळेवरच सांगतो. तू उशिरा ऐकतोस. शाळेत शेवटच्या बाकावर बसत असशील.”

“शाळेत बसलो असतो तर गवंडी कशाला झालो असतो?”

“मग आता बस. उजवं तीन.”

ती वर्षं माझी सुखाची. धुळीने माखून परत आले की पोरं माझ्या बॉनेटवर बोटाने आपली नावं लिहायची. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. गवंड्याने तो त्याच्या बांधकामावरच्या खोपटात लावला. मास्तरांनी त्यातल्या छापील चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या.

मग तळ्यावरचा घाट आला. मास्तरांनी आधी पाहिला तेव्हा रस्ता मोकळा होता. शर्यतीच्या दिवशी सगळ्यांत आधी आम्हीच सुटलो होतो. ते खाकरले आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, “माथा, पूर्ण.” गवंड्याने पाय उचलला नाही. मी माथ्यावरून उडाले आणि समोर पाहिलं. रस्त्याच्या मधोमध खडीचा ढीग होता. साहेब, रस्ताही तुमचा आणि शर्यतही तुमची, आणि ढीगही आदल्या संध्याकाळी तुमच्याच माणसांनी ओतलेला. लाल कापडाचं एक चिंधकंसुद्धा लावलेलं नव्हतं.

मी किती वेळा उलटले ते मला आठवत नाही. थांबले तेव्हा चाकं आभाळाकडे होती आणि गवंडी खांदा धरून मास्तरांना हाका मारत होता. माइकमध्ये एकदाच आवाज आला. ‘अं-हं.’ पुढे त्यांनी काही वाचलं नाही.

दुपार व्हायच्या आत तो ढीग फावड्यांनी उचलून नेला होता. तुम्ही आलात तेव्हा रस्ता स्वच्छ. तुम्ही लिहिलंत, ‘वाचणाऱ्याने चुकीचे वाचले.’ वस्तादने माझ्या पोटात अडकलेली खडी पाटीभर काढली आणि तुमच्या कचेरीच्या पायरीवर नेऊन ओतली. तुम्ही ती झाडून घेतलीत. संपलं!

गवंड्याने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. वस्तादने मला सरळ केलं, नवं नाक बसवलं, वाचणाऱ्याची सीट नवी लावली आणि माझ्यावर ताडपत्री टाकून ठेवली. मी वर्षानुवर्षं त्याच्या शेडमध्ये पडून राहिले. एका भर दुपारी, शेडमध्ये चिटपाखरू नसताना, माझा मागचा एक कोपरा हळूच दबला. कोणी बसल्यावर दबतो, तसा. स्टेपनीचा पट्टा करकरला. आणि अगदी जवळून आवाज आला.

‘अं-हं.’

मास्तर शिस्तीचे. त्यांची पुढची सीट आता नवी होती, म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी. दुसऱ्याच्या जागेवर ते कसे बसतील? म्हणून ते मागे स्टेपनीवर बसले. मला भीती वाटली का? वाटली. गाडीला अंगावर काटा येत नाही, पण माझ्या काचा आतून धुरकट झाल्या, त्या कडक उन्हाळ्यात.

नंतर मला एका जोडप्याने विकत घेतलं. बाई पावाची व्हॅन चालवायची. भल्या सकाळी दुकानादुकानांत पाव पोहोचवून झाला की तिच्या अंगाला दिवसभर बेकरीचा वास यायचा. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. ती चालवणार, तो वाचणार. तिने पहिल्याच दिवशी त्याला ऐकवलं, “अख्ख्या गावाला चष्मे लावतोस आणि मला सांगतोस, डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस!”

“गावाकडून पैसे घेतो,” तो म्हणाला. “तुला खरं ते फुकट सांगतो.”

त्यांना दोन मुलं. मुलगी थोरली. ती माझ्या पिंजऱ्याच्या नळीला जी चिकटायची ती सोडवता सुटायची नाही, म्हणून आई तिला घोरपड म्हणायची. धाकटा खाली पडलेला प्रत्येक बोल्ट खिशात घालायचा. तो बोल्ट्या. त्याची चड्डी खिशाच्या वजनाने सारखी घसरायची.

मित्रांनो, आईबाप मुलांना काय काय देतात. या दोघांनी आपल्या मुलांच्या हाती मला दिलं. खोलीएवढं गॅरेज होतं, त्यात मी आणि ती चौघं. बाबा घोरपडीला नट पिळायचे पाने ओळखायला शिकवायचा. आई बोल्ट्याचा हात धरून माझ्या इंजिनवर ठेवायची. “गरम आहे? मग अजून थांबायचं. गाडी दमली की तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.” चार हातांनी मला धुवायचे आणि आठ हातांनी पुसायचे. मी पुन्हा धुळीत जाऊन आले की घोरपड मला ओरडायची, “कुठे लोळून आलीस गं?” माझ्या आयुष्यात मला ‘गं’ म्हणणारं ते पहिलं माणूस.

संध्याकाळी त्यांचा एक खेळ असायचा. इंजिन बंद. आई पुढे स्टिअरिंग धरून डोळे मिटायची. बाबा शेजारी बसून येणाऱ्या शर्यतीची टिपणं वाचायचा आणि आई न बघता चाक फिरवायची. बोल्ट्या तिच्या मांडीवर बसून तोंडाने इंजिनचा आवाज काढायचा. त्यात थुंकी जास्त, इंजिन कमी. आणि घोरपड मागे, स्टेपनीच्या शेजारी. तिच्यासाठी बाबाने एक जुनं मोडकं हेल्मेट आणलं होतं. हेल्मेटच्या माइकची तार कुठेच जोडलेली नव्हती. जोडायला जागाच नव्हती, माझ्यात दोघांचीच सोय. तारेचं टोक पिंजऱ्याला नुसतं लोंबकळायचं.

एकदा बाबा वाचता वाचता थांबला. मागे वळून म्हणाला, “हे काय गं? म्हाताऱ्यासारखी खाकरतेस कशाला?”

“वाचायच्या आधी खाकरायचं असतं,” घोरपड म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“मागच्या काकांनी.”

आई हसली. “तुझ्या मागे काच आहे, बाळा.”

“काचेच्या अलीकडे. काका स्टेपनीवर बसतात. बोल्ट्या त्यांच्या पायावर बसतो तेव्हा ते काही म्हणत नाहीत, नुसता पाय काढून घेतात.”

बोल्ट्याने तोंडातलं इंजिन बंद केलं. मग त्याने मागे जाऊन खिशातला एक बोल्ट काढला, स्टेपनीवर ठेवला आणि कोणाला तरी द्यावा तसा हळूच पुढे सरकवला. बोल्ट गडगडत गेला आणि मध्येच, काही नसताना, थांबला.

आईबाबांनी ते पाहिलं नाही. मी पाहिलं. पण आईला दुसरं काहीतरी जाणवलेलं होतं. ती अनेकदा म्हणायची, “मागचा कोपरा जड लागतो रे. वळणावर कोणीतरी धरून बसल्यासारखी वागते.” बाबाने स्प्रिंग बदलल्या. पुन्हा बदलल्या. नवी स्प्रिंगही तेवढीच दबायची. ‘जुनं हाड आहे, वाकलं असेल’ असं म्हणून त्याने विषय सोडला.

मग टप्प्यांची यादी लागली. मोठ्या शर्यतीतला शेवटचा टप्पा, तळ्यावरचा घाट. दोघं पाहणीला जाऊन आली. रस्ता मोकळा, डांबर नवंकोरं. त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये बाबा ऐटीत वाचत होता. “डावं चार, उजवं पाच, माथा, पूर्ण.”

मागून आवाज आला. “अं-हं. माथा, थांब.”

“पूर्ण,” बाबा म्हणाला.

“थांब,” घोरपड म्हणाली.

“घोरपडे, तू तो रस्ता पाहिलायस का? आम्ही पाहिलाय. पूर्ण.”

“काका म्हणतात, मागच्या वेळी त्यांनी पूर्ण वाचलं होतं. आता ते थांब वाचणार आहेत.”

आईने डोळे उघडले. तिने आरशात मागे पाहिलं. त्या आरशात काय दिसलं ते तिने कधी सांगितलं नाही. फक्त तिने बोल्ट्याला मांडीवरून उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, “आजचा खेळ पुरे.”

मुलं आत गेल्यावर दोघं माझ्या बॉनेटला टेकून भांडली. भांडण हळू आवाजातलं, म्हणून जास्त लागणारं.

“तिथे जरा पाय उचलू का?” आई म्हणाली.

“पोरीच्या खेळावर? अगं, तिथे पाय उचललास तर हातातली शर्यत जाईल. आणि मी वाचलेलं तू ऐकणार नसशील तर मी बसू कशाला शेजारी? घरी बसून काचा घासतो.”

“चिडतोस कशाला?”

“चिडत नाही. एकच सांग. तिथे माझं ऐकणार की नाही?”

आईने माझ्या बॉनेटवरची धूळ तळहाताने पुसली. मग म्हणाली, “तुझंच ऐकते. आजवर दुसऱ्या कोणाचं ऐकलंय?”

शर्यतीच्या दिवशी मुलं मावशीजवळ थांबली. सुटायच्या आधी घोरपडीने माझ्या मागच्या काचेतून आत बघितलं, हात हलवला, आणि म्हणाली, “काका, नीट वाचा हं.” मावशीने तिला ओढून बाजूला घेतलं.

आम्ही असे धावलो की मला माझं जुनं वय आठवलं. बाबाचा आवाज घड्याळासारखा चाललेला. डावं दोन. उजवं तीन. तळं खाली चकाकून गेलं. चढ लागला. आईचा पाय तळाला टेकलेला. पुढे फक्त माथा आणि त्यावर आभाळ.

“माथा, पूर्ण,” बाबाने वाचलं.

आणि दोन माणसांच्या माइकवर तिसरा घसा खाकरला.

“अं-हं. माथा, थांब.”

मित्रांनो, आईला एका क्षणात ठरवायचं होतं. तिने शब्द दिला होता. पण तिच्या हातापायांना एकच शिकवण होती: शेवटचा जो आवाज कानात येतो, त्याप्रमाणे गाडी चालवायची. तिने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. माझी चाकं किंचाळली. मी आडवी होत, घसरत, रबर जाळत माथ्यावरून पलीकडे उतरले आणि थांबले.

समोर रस्ता दाबायचा रोलर उभा होता. रस्त्याच्या मध्यावर, अगदी आडवा. चालक नाही. झेंडा नाही. सीटला कोणाचा तरी डबा टांगलेला, तो अजून हलत होता. माझं नाक आणि त्याचं लोखंड यांच्या मध्ये बोल्ट्याचा तळहात मावला असता, मोठ्या माणसाचा नाही.

“तू थांब म्हणालास,” आई कुजबुजली.

“मी पूर्ण म्हणालो,” बाबा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. दोघांनी मागे वळून पाहिलं. स्टेपनीचा पट्टा हळूहळू सैल होत होता, कोणी उठून उभं राहावं तसा.

पण घाबरायला वेळ नव्हता. मागची गाडी सुटली होती. बाबा लाल त्रिकोण घेऊन माथ्याकडे असा पळाला की त्याचा चष्मा वाटेतच पडला. ती गाडी झुडपात शिरली, पण माणसं शाबूत राहिली. मग त्यांच्यातला एक जण चढाच्या खालच्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि मागून येणारी गाडी थांबली. त्या दिवशी त्या माथ्यावर कोणी मेलं नाही. पहिल्यांदाच मला मागून एक सुस्कारा ऐकू आला.

आता साहेब, तुमची पाळी. तुम्ही चौकशी बसवलीत. टेबल माझ्यासमोर याच आवारात मांडलंत, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. चौकशी कशाची? रोलर कोणी ठेवला याची असेल, असं या भोळ्या जोडप्याला वाटलं. झुडपात शिरलेल्या गाडीतल्या माणसांना तुम्ही बोलावलंच नाहीत.

“तुम्हाला आधी कसं कळलं?” तुम्ही विचारलंत.

“ते सोडा. रोलर तिथे आला कसा?” आई म्हणाली.

“आमच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी तिथे रोलर नव्हता.”

“नव्हता? मग आम्ही थांबलो कशाला?”

“तेच तर आम्ही विचारतोय, बाई.”

बाबा उठून उभा राहिला. आईने त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली बसवलं. तेवढ्यात मावशीच्या हातातून सुटून घोरपड टेबलाजवळ आली. “मागच्या काकांनी सांगितलं,” ती म्हणाली. “काकांना तुम्ही ओळखता. तुम्ही त्यांच्याबद्दल खोटं लिहिलंय, असं ते म्हणतात.”

तुमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या साहेबाचं पेन थांबलं. मी पाहिलं. तो हळूच माझ्या मागच्या काचेकडे बघायला लागला आणि बघतच राहिला. माझा मागचा कोपरा तेव्हा दबलेला होता. मास्तर बसले होते. शर्टाची वरची गुंडी लावून, हात मांडीवर ठेवून, नाव पुकारायची वाट बघत.

म्हाताऱ्या साहेबाने नजर काढून घेतली आणि निकाल सांगितला. गाडीत दोघांनाच परवानगी आहे. मुलीच्या जबाबानुसार गाडीत तिसरी व्यक्ती होती. सबब जोडपं बाद, वर्षभर शर्यतीला बंदी, आणि ती तिसरी व्यक्ती हजर होईपर्यंत गाडी जप्त.

वा रे वा! मास्तरांनी जिवंतपणी वाचलेला शेवटचा शब्द तुम्ही खरा मानला नाहीत. मेल्यावर मात्र दंड करायला ते तुम्हाला बरोबर सापडले. आणि हजर होईपर्यंत म्हणता? ते हजरच होते. तुमच्यात त्यांना ‘बसा’ म्हणायची हिंमत नव्हती.

तेव्हापासून मी इथे आहे. माझी बॅटरी तुम्ही काढून नेली, त्यामुळे हॉर्नही वाजवता येत नाही. ऊन माझा रंग खातं. उंदरांनी घोरपडीच्या हेल्मेटमधला कापूस नेला. ते हेल्मेट आतच राहिलं, सीलच्या आत. दोन्ही मुलं अधूनमधून कुंपणाशी येतात. बोल्ट्या जाळीतून बोल्ट फेकतो, “तुला लागेल, ठेवून घे.” पहारेकरी ओरडतो, “ए, पळा! भंगारात काय ठेवलंय?” घोरपड जाळीला नाक लावून विचारते, “काका, बरे आहात ना?” मास्तर उत्तर देतात. पण कुंपण लांब आहे आणि हेल्मेट आत आहे. तिला ऐकू जात नाही. ती बराच वेळ कान देऊन उभी असते, आणि मग खाली मान घालून जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, सायकल असेल, शिवणयंत्र असेल, तर तिला रिकामी समजू नका. पुसताना जरा कान द्या. आणि तुमच्या घरात जे सगळ्यात लहान असेल, ते काही ऐकू आलं म्हणालं, तर हसण्याआधी थोडं थांबा. एवढीच माझी विनंती आहे. तुमच्याकडे माझं दुसरं काही मागणं नाही.

मागणं आहे ते साहेबांकडे. परवा घोरपड धावत आली. कुंपणावर तुम्ही नवा फलक लावलाय, तो तिने मला मोठ्याने वाचून दाखवला. आनंदाने तिला धाप लागली होती.

“आमची बंदी संपली! तळ्यावर नवा पूल झालाय. त्याच्या उद्घाटनाला सगळ्या रॅलीवाल्यांची घरच्या गाड्यांतून फेरी आहे. आणि ऐक ना, मुलांना सोबत न्यायचंय! साहेबांनीच सांगितलंय, सगळ्यांनी आपली मुलं आणा. बाबाने कोणाची तरी गाडी मागून आणलीये. त्या गाडीला मागची सीट आहे. मी आणि बोल्ट्या मागे!”

बोल्ट्या तिथेच उड्या मारत होता, एका हाताने चड्डी धरून.

ती दोघं वळली तोच माझा मागचा कोपरा एकदम खाली गेला. मास्तर उभे राहिले होते की वाकले होते, मला कळलं नाही. पिंजऱ्याच्या नळ्या थरथरल्या. लोंबकळणारी ती तार ताठ झाली.

“अं-हं,” ते म्हणाले. “पूल, थांब.”

मुलं रस्त्याच्या वळणाआड गेली.

तेव्हापासून ते थांबलेले नाहीत. सकाळी म्हणतात, दुपारी म्हणतात, पहारेकरी जेवायला बसला की म्हणतात. वर्गातल्या ढ पोराला पुन्हा पुन्हा समजावावं, तसं. पूल, थांब. पूल, थांब. मी काचा धुरकट करून पाहिल्या, दारं ताणून पाहिली. सील सुटत नाही. मास्तर पुलाबद्दल का बोलतात ते मला माहीत नाही. मी तो पूल पाहिलेला नाही, त्यांनीही पाहिलेला नाही. पाहिलाय तुम्ही. बांधलाय तुम्ही. खडी उचलणारेही तुम्ही आणि नोंदीतून रोलर पुसून टाकणारेही तुम्ही.

उद्या त्या पुलावर गाड्यांची रांग लागेल आणि प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर मुलं असतील. म्हणून आजच विचारते, आणि या वेळी कागदावर नको, तोंडाने सांगा. साहेब, त्या पुलात काय कमी ठेवलंय तुम्ही?